विषावरचा उतारा: बाटलीत काय असतं आणि काय नसतं

मृग लागला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली. लावणीत कुणाला तरी पान लागलं, म्हणजे साप चावला, जवळच्या आरोग्य केंद्रात ‘सापाची लस’ नव्हती, तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला पाठवलं आणि वाटेतच सगळं संपलं. वाचणारा चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण त्यानंतर टपरीवर, एसटीत, वाडीच्या ग्रुपवर जी चर्चा चालते ती ऐकली की जाणवतं, या औषधाविषयी लोकांच्या मनात एकच चित्र आहे. बाटली असली की माणूस वाचतो, नसली की जातो.

मी एकोणतीस वर्षं सरकारी रुग्णालयांच्या औषध भांडारात काम केलं. ही बाटली ज्या कपाटात असते त्याची किल्ली माझ्याकडे असायची. त्या अनुभवावरून सांगते, ते चित्र अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे माणसं दगावताना मी पाहिली आहेत.

आपल्याकडे उतारा हा शब्द तीन कामांना लागतो. तलाठ्याकडून आणायचा सातबाराचा उतारा, बाधा झाली म्हणून तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवायचा भाताचा उतारा, आणि विषावरचा उतारा. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्याची मनात सरमिसळ झालेली असते. विष अंगात ‘चढतं’ आणि जाणता माणूस ते ‘उतरवतो’, असंच आपण बोलतो. शरीरात मात्र असं चढणं-उतरणं काही होत नाही. तिथे काय होतं हे एकदा समजलं, की कुठे धावायचं आणि कुठे वेळ घालवायचा नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

## विष एका जागी बसतं

ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्यासारखी जाळणारी द्रव्यं सोडली, तर बहुतेक विषं शरीरातल्या ठरावीक ठिकाणी जाऊन बसतात आणि तिथलं काम बिघडवतात. नागाचं विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, म्हणून पापण्या मिटतात आणि पुढे श्वास थांबतो. फुरशाचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं खर्च करून टाकतं, म्हणून हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं. अफूच्या जातीची औषधं जास्त झाली तर मेंदूतलं श्वासाचं केंद्र झोपी जातं.

प्रत्येकाचा बिघाड वेगळा, म्हणून प्रत्येकाचा उतारा वेगळा. सगळ्या विषांवर चालणारं एक औषध जगात कुठेच नाही. जे उतारे आहेत त्यांतले काही विषालाच धरून ठेवतात. काही विषाची बसायची जागा अडवतात. काही, विषाने शरीराचा जो साठा संपवला तो भरून देतात. आणि काही विषाला हातही लावत नाहीत, त्याने केलेली उलथापालथ तेवढी सावरतात. कोकणात या चारही तऱ्हा रोजच्या कामाच्या आहेत.

## घोड्याच्या रक्तातली रापण

पहिली तऱ्हा सापाच्या इंजेक्शनची. त्याला लस म्हणणं चूक आहे. लस आधी टोचतात, मग शरीर सावकाश स्वतःची तयारी करतं. साप चावल्यावर तेवढा वेळ नसतो, म्हणून दुसऱ्याच्या शरीरात झालेली तयारी आयती आणून द्यावी लागते. हे प्रतिविष.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी थोड्या, हळूहळू वाढत्या प्रमाणात घोड्याला टोचतात. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारी प्रथिनं तयार होतात, म्हणजे करोनाच्या काळात घरोघरी ऐकलेल्या त्या अँटिबॉडीज. घोड्याचं रक्त काढून त्या वेगळ्या करतात, शुद्ध करतात आणि त्यांची सुकी पूड कुपीत भरतात. ही पद्धत फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात रुळवली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. आपल्याकडे परळची हाफकिन संस्था या कामासाठी ओळखली जाते. १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या त्या प्रयोगशाळेचं नाव पुढे घोड्यांमुळे आणि सापांमुळे गावोगावी पोचलं.

हे औषध कसं काम करतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला समजावणं सोपं आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून आणायचं मोठं जाळं, लावली की जे मासे त्या वेळी पाण्यात असतात ते घेरले जातात. जे आधीच निसटून दूर गेले त्यांना ती रापण आणू शकत नाही. प्रतिविषही रक्तात फिरणाऱ्या विषाला घेरतं. जे विष मज्जातंतूच्या टोकात शिरून त्याची नासधूस करून बसलं, ते त्याच्या हाती लागत नाही. मण्यारीचं विष नेमकं हेच करतं. एकदा ते टोक निकामी झालं की ते पुन्हा उगवेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं, कधी दिवस, कधी आठवडे. दंशाच्या जागी मेलेलं मांस किंवा घोणशीच्या विषाने दुखावलेली मूत्रपिंडंही प्रतिविषाने परत येत नाहीत. म्हणून इथे औषधाइतकीच वेळही महत्त्वाची. घरून निघायला लागलेला प्रत्येक तास म्हणजे रापणीबाहेर गेलेले मासे.

आता डोसाची गोष्ट, जी ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. सुरुवातच साधारण ८ ते १० कुप्यांनी होते, आणि गरज पडली तर पुन्हा तेवढ्याच. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या. ताप, खोकल्याची औषधं मुलांना वजनावर देतात, इथे मात्र नाही. कारण साप चावताना माणसाचं वजन बघत नाही, पोरात आणि बापात सारखंच विष सोडतो. आपल्याला विषाचं माप काढायचं असतं, माणसाचं नव्हे. पोराला दहा कुप्या दिल्या म्हणून डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलेले नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांचा राग समजतो. पण दोन कुप्या देऊन थांबले असते तर ते पोर हाती लागलं नसतं.

## “साप चावलाय, मग लगेच टोचत का नाहीत?”

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. रुग्ण खाटेवर आहे, कपाटात औषध आहे, आणि डॉक्टर नुसते बघत उभे आहेत, असं नातेवाइकांना वाटतं.

कारण असं, की चावणारा प्रत्येक साप विषारी नसतो. दिवड चावते, धामण चावते, आणि अंधारात कुणाला काय दिसतं? विषारी सापही काही वेळा दात मारतो पण विष सोडत नाही. याला कोरडा दंश म्हणतात. अशा माणसाला प्रतिविष देणं म्हणजे फायदा शून्य आणि धोका पूर्ण. घोड्याची प्रथिनं परकी असतात. काही जणांच्या शरीराला ती सोसत नाहीत, अंगावर पित्त उठतं, रक्तदाब कोसळतो, श्वासनळी आवळते. त्यासाठी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी भरून ठेवावं लागतं. म्हणून विष अंगात गेल्याची खूण दिसली तरच प्रतिविष, हा नियम.

खूण शोधायची कशी? नाग-मण्यारीत पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळता न येणं. फुरसं आणि घोणशीत रक्ताची एक परीक्षा, जिला ना यंत्र लागतं ना वीज. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवून द्यायचं. मग नळी हळूच आडवी करायची. रक्त दह्यासारखं विरजलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष कामाला लागलंय.

आमच्या वाडीतले एक आबा कातळावर गवत कापत होते. दगडाखालच्या फुरशाने बोटाला डसलं. फुरसं म्हणजे वीतभर-हातभर लांबीचा जीव, पण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्या कातळावर त्याचं राज्य. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला बक्षीस लावलं होतं, इतका त्याचा उपद्रव. आबा मात्र बोट चोखत अंगणात बसून होते. मी गेले तर म्हणतात, “बाय, माका काय्यक होणा नाय, उगीच कित्या धावपळ करतंस?” बोट सुजलेलं होतं, एवढंच. “आबानू, उठा, गाडी इली,” म्हणत त्यांना बसवलं. रुग्णालयात नळी भरली, मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. विसाव्या मिनिटाला सिस्टरने नळी कलती केली आणि आतलं रक्त रॉकेलसारखं इकडून तिकडे गेलं. आबांना तेव्हाही बरंच वाटत होतं.

## “मग ही बाटली प्रत्येक घरात का नको?”

पूड आहे, टिकते, तर गावातल्या दुकानातच ठेवा, असं अनेक जण कळकळीने सुचवतात. वर सांगितलेलं लक्षात घेतलं तर उत्तर त्यातच आहे. दहा कुप्या शिरेतून द्यायच्या, उलटी प्रतिक्रिया आली तर मिनिटांत सावरायचं, श्वास थांबला तर नळी घालून श्वास द्यायचा. हे सगळं कुपीसोबत येत नाही. प्रतिविष घरात नको, पण प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवं, आणि ते द्यायला न घाबरणारा डॉक्टर तिथे रात्रीही हवा. मागणी करायची तर ही करा.

मागणीला आता आधारही आहे. देशभरच्या मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यांतले. केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना सांगितलं, की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. नोंदच नसेल तर कुठल्या केंद्रात किती कुप्या पाठवायच्या हे ठरणार कसं? भांडार सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला या एका निर्णयाचं मोल फार वाटतं.

## महाडचा विंचू: विषाला हात न लावता

लाल विंचू हा कोकणातला दुसरा काळ. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी विंचू डसलेलं पोर घामाने निथळायचं, हातपाय बर्फ व्हायचे आणि पहाटेला तोंडाला गुलाबी फेस यायचा. त्या काळी त्यावर काही नव्हतं.

हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा असे मृत्यू त्यांनी समोर पाहिले. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी टिपणं ठेवली आणि त्यांच्या लक्षात आलं, की माणूस हृदयाच्या थकण्याने जातोय. विंचवाचं विष शरीरातली ‘धोका, धोका’ ओरडणारी रसायनं भसाभस सोडायला लावतं. सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात. बागेत पंप जोरात चालू आहे आणि पाइपाचे सगळे कॉक बंद आहेत, असं समजा. पंप तापतो, पाणी मागे फिरतं. हृदयाचं तेच होतं आणि ते मागे फिरलेलं पाणी फुप्फुसात साठतं, म्हणून तो फेस.

बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. ती विंचवाच्या विषाला काहीच करत नाही, फक्त आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे कॉक उघडते, पंप सुटतो. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९८६ साली त्यांचं हे काम छापून आलं. त्याआधी गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस जायचे. ती संख्या अगदी मोजक्यांवर आली.

पुढे विंचवाचं प्रतिविषही आलं. मग प्रश्न आला, गोळी चांगली की इंजेक्शन? महाडमध्येच ७० रुग्णांवर तुलना झाली आणि २०११मध्ये ती ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, प्रतिविषाची जोड दिल्यावर ८. दोन वेगळ्या तऱ्हांचे उतारे एकमेकांच्या मदतीला आले. डॉ. बावस्करांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की हा उतारा जगाला आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाने दिला, आणि तो कुठल्याही आरोग्य केंद्राच्या गोळ्यांच्या डब्यात मावतो.

## आंब्याची फवारणी आणि अडकलेली बेल

हापूसला मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारणी सुरू होते. काही कीटकनाशकं ऑरगॅनोफॉस्फेट या गटातली असतात. ती तोंडावाटे जातात तशी कातडीतूनही आत जातात. उकाड्यात उघड्या अंगाने, वाऱ्याच्या उलट्या दिशेने फवारणारा गडी दुपारी घरी येतो तेव्हा त्याच्या तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, पोटात कळा, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

शरीरात मज्जातंतू निरोप देतात ते दारावरची बेल वाजवल्यासारखं. बेल दाबली, आवाज झाला, बटण परत वर आलं. बटण वर आणायचं काम एका प्रथिनाचं. हे विष त्या प्रथिनालाच धरतं, बटण आत अडकतं आणि बेल वाजतच राहते. लाळ, घाम, फुप्फुसातला स्राव, सगळं थांबेनासं होतं. माणूस कोरड्या जमिनीवर, स्वतःच्याच पाण्यात बुडतो.

उतारा ॲट्रॉपिनचा. ते बटण सोडवत नाही, बेलची तार तोडतं. आवाज थांबतो. फुप्फुसं कोरडी होईपर्यंत दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत जावं लागतं, म्हणून एका रुग्णाला कितीतरी ॲम्प्यूल लागतात. मी स्वतः रात्री-अपरात्री शेजारच्या तालुक्यातून पेट्या मागवल्या आहेत. दुसरं औषध, प्रॅलिडॉक्झिम, अडकलेलं बटण मोकळं करायला असतं. उशीर झाला की बटण गंजल्यासारखं पक्कं बसतं आणि मग त्याचा उपयोग होत नाही. त्याचा एकूण फायदा किती यावर डॉक्टरांमध्ये आजही दुमत आहे. आणि ॲट्रॉपिन स्नायूंकडे जाणारी तार तोडत नाही, त्यामुळे श्वासाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वास लागतोच.

यातली एक गंमत वाटावी अशी, पण खरी गोष्ट. ॲट्रॉपिन ज्या घराण्यातल्या वनस्पतींतून मिळतं, त्याच घराण्यातला आपला धोतरा. धोतऱ्याचं बी खाल्लेल्या माणसात बेल अजिबात वाजेनाशी होते. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, बडबड. एका विषाचा उतारा दुसऱ्याच्या विषाशी इतका जवळचा असतो, म्हणून घरच्या घरी कुणी धोतऱ्याचा प्रयोग करू नये. प्रमाण हातात राहत नाही.

फवारणाऱ्याच्या घरच्यांनी करायचं ते वेगळंच आहे. त्याचे कपडे लगेच काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग, केस, नखं धुवा. स्वतःच्या हातात मोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला. कपड्यांवरचं विष आत जातच राहतं, आणि ते काढणं हा उतारा देण्याइतकाच मोठा उपचार आहे.

## सीटवरचा रुमाल आणि रेशनची रांग

जागा अडवणाऱ्या उताऱ्यांची दोन उदाहरणं पटकन सांगते. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन यांच्या अतिरेकावर नॅलोक्झोन देतात. गर्दीच्या एसटीत कुणी सीटवर बसलेल्याला उठवून तिथे आपला रुमाल टाकावा, तसं ते करतं. स्वतः काही करत नाही, पण जागा सोडत नाही. दोन-चार मिनिटांत निळा पडलेला माणूस श्वास घेऊ लागतो. अडचण ही, की अर्ध्या ते दीड तासात रुमाल उडून जातो, आणि सीटवरून उठवलेलं औषध अजून तिथेच उभं असतं. म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी नेऊ नये.

विषारी दारूतलं मेथिल अल्कोहोल स्वतः फार वाईट नसतं. यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड बनवतं आणि त्याने डोळे जातात, जीव जातो. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. उतारा म्हणून फोमेपिझोल किंवा शुद्ध इथेनॉल देतात. यकृताच्या खिडकीवर इथेनॉलला आधी घेतात, मेथिल रांगेत ताटकळतं आणि तोवर डायलिसिसने ते बाहेर काढता येतं. हे मोजूनमापून रुग्णालयातच करायचं काम आहे. घरी ‘दारूवर दारू’ पाजणं म्हणजे जीवाशी खेळ.

## “गोळ्या खाल्ल्या, पण तो तर ठणठणीत आहे”

पॅरासिटामॉल घराघरात असतं म्हणून त्याची भीती वाटत नाही. नेमक्या मापात ते सुरक्षितच आहे. यकृत त्याचा थोडा भाग एका घातक द्रव्यात बदलतं आणि ग्लुटाथायोन नावाचं स्वतःचं संरक्षक द्रव्य वापरून ते लगेच निस्तरतं. गोळ्या प्रमाणाबाहेर गेल्या की कणगीतलं भात संपावं तसं ग्लुटाथायोन संपतं, आणि मग यकृताच्या पेशी मरायला लागतात.

इथला उतारा एन-ॲसिटिलसिस्टीन, म्हणजे साठा भरून देणारा. आठ तासांच्या आत दिला तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. पण पहिल्या दिवशी माणसाला थोडी मळमळ सोडली तर काहीच होत नाही! कावीळ दिसते तिसऱ्या दिवशी. घरचे म्हणतात, बरा आहे, झोपू दे, उगाच बोभाटा नको. तो बोभाट्याचा विचारच त्या आठ तासांना खातो. कुणी जास्त गोळ्या घेतल्याचं कळलं, चुकून किंवा जाणूनबुजून, तर ठणठणीत दिसत असतानाच न्या, आणि न ओरडता न्या. मन फार खचलेल्यासाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

## ज्यांना उतारा नाही

आता कठीण भाग. केंड मासा नीट साफ न करता खाल्ला तर त्यातल्या विषावर जगात कुठेही उतारा नाही. काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बीवर नाही. उंदीर मारायच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, त्यावर नाही. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्यांवर नाही. आणि आपल्या मच्छीमारांसाठी महत्त्वाचं म्हणजे समुद्री सापावर आपल्याकडे नाही. मालवणच्या किनाऱ्यावर जाळ्यांत समुद्री साप नेहमी येतात. ऑस्ट्रेलियात त्यांचं प्रतिविष बनतं, पण आपल्या कुपीत जमिनीवरच्या चारच सापांचा बंदोबस्त आहे. हे ऐकून खलाशी मला विचारतात, मग दवाखान्यात जायचंच कशाला?

जायचं, कारण उताऱ्याशिवायही माणसं वाचतात. केंडाचं विष साधारण दिवसा-दोन दिवसांत शरीरातून निघून जातं, तेवढा वेळ कुणीतरी श्वास देत राहिलं पाहिजे. समुद्री सापाच्या विषाने स्नायू विरघळून लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडं बंद पडतात, तिथे सलाइन आणि डायलिसिस तारतं. काजऱ्याचे झटके औषधांनी आवरता येतात. खरं सांगायचं तर विषबाधेचे बहुतेक रुग्ण उताऱ्यापेक्षा चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर आणि चालू असलेल्या ऑक्सिजनमुळे वाचतात. त्याची बातमी होत नाही.

समुद्राने एक सोपा उताराही दिलाय. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने बदलतो तसं हे विष नासतं, वेदना उतरतात. दुसऱ्या हाताने पाणी तपासा, नाहीतर बधिर पाय भाजेल. काटा आत तुटला असेल किंवा छाती-पोटाला लागला असेल तर मात्र थेट डॉक्टर. आणि सापाच्या दंशाला हा उपाय करू नका, तिथे चालत नाही.

## “आमच्या गावचा माणूस पाल्याने विष उतरवतो, आम्ही पाहिलंय”

पाहिलं असणार. मीही पाहिलं आहे. मिरची चावायला देऊन तिखट लागते का विचारतात, पाला चोळतात, काळा दगड चिकटवतात, आणि माणूस उठून चालू लागतो. पण दिवड, धामण आणि कोरडे दंश यांची बेरीज केली तर साप चावलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता बरे होणारे असतात. ते सगळे त्या माणसाच्या नावावर जमा होतात. मण्यार चावलेला मात्र त्याच्या अंगणात तीन तास घालवून आमच्याकडे येतो, आणि गेला तर तो रुग्णालयाच्या नावावर. उतरवणारा माणूस बहुधा लबाड नसतो. त्याचा स्वतःचा विश्वास असतो, पैसाही घेत नाही. म्हणून त्याच्याशी भांडण्याऐवजी आमच्या वाडीने एक केलं. त्याला विनंती केली, की तू तुझं म्हणणं गाडीत बसून म्हण. तो आता रुग्णासोबत तालुक्याला येतो.

बांधणं, चिरणं, चोखणं यांनी दंश सुधारत नाही, वर हात-पाय काळा पडतो आणि फुरशाच्या दंशात चिरलेली जखम थांबता थांबत नाही. अंगठ्या, बांगड्या काढा, तो अवयव फळीला सैल बांधून हलू देऊ नका, १०८ला फोन करा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर मधे बसवा, मागून कुणीतरी धरा. विष पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. गुंगीतल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते, रॉकेलही तसंच फुप्फुसात शिरतं, आणि ॲसिड दुसऱ्यांदा अन्ननळी जाळतं. डाव्या कुशीवर झोपवा. औषधाची बाटली, डबा, गोळ्यांची रिकामी पट्टी जे असेल ते पिशवीत घालून आणा, आणि किती वाजता झालं ते कागदावर लिहून आणा. बाटलीवरचं नाव वाचून डॉक्टर दोन मिनिटांत ठरवतात ते बाटलीशिवाय दोन तासांत ठरत नाही. साप मारून आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

आबांना त्या संध्याकाळी दहा कुप्या लागल्या. प्रतिविषाने विष पकडलं तरी रक्त गोठवणारी द्रव्यं यकृताला नव्याने बनवावी लागतात आणि त्याला सहाएक तास लागतात, म्हणून परीक्षा सहा तासांनी पुन्हा करतात. रात्री साडेबारा वाजता सिस्टरने दुसरी नळी भरली. आबा जागे होते, म्हणाले, “बाय, तू घराक जा, पाऊस येतलो.” मी वीस मिनिटं मोजली. सिस्टरने नळी आडवी केली, मग पूर्ण उलटी केली. रक्त तळाला घट्ट बसलं होतं, थेंबही हलला नाही.